तीन साक्षीदारांची माफी

माझ्या आत्याला सगळी वस्ती ‘काजवाली’ म्हणायची. शर्टांच्या कारखान्यात ती काजं करायची, आणि तिचं काज उसवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जीभ इतकी तिखट, की मुकादमसुद्धा तिच्या मशीनजवळून जाताना मान खाली घालायचा. तिच्या शेजारच्या मशीनवर मी कॉलर शिवायचे.

कारखान्याच्या दाराला दिवसभर बाहेरून कुलूप असे. का, तर म्हणे पोरी कापड चोरतात. इस्त्रीच्या खोलीत आग लागली तेव्हा मुकादम किल्ली खिशात घालून चहाला गेला होता. आत्याची एकुलती एक लेक त्या दारापाशीच गुदमरून मेली. पुढे दार दुरुस्त झालं, रंगवलं गेलं आणि त्याला नवं कुलूप लागलं.

आम्हा ज्यू लोकांत वर्षाचा एक मोठा उपास असतो. देवाचा केलेला अपराध त्या दिवशी देव माफ करतो, पण माणसाचा केलेला अपराध त्या माणसानेच माफ करावा लागतो. म्हणून उपासाआधी माफी मागायला जायचं. समोरचा बधत नसेल तर तीन साक्षीदार घेऊन तीनदा जायचं. तिसऱ्यांदाही तो नाही म्हणाला, तर मागणारा सुटला आणि पाप नाही म्हणणाऱ्याच्या माथी.

मालकही आमच्यातलेच. उपासाआधी ते आत्याच्या घरी आले. साक्षीला मुकादम, कारखान्याचा खजिनदार आणि स्वतःचा जावई. सगळी घरचीच माणसं!

“बाई, माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा.”

“कुलूप काढलंत?” आत्याने विचारलं.

“तो धंद्याचा प्रश्न झाला. मी माफी मागायला आलोय.”

“मग नाही.”

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर मालक बसलेही नाहीत. “झालं ना तीनदा?” त्यांनी जावयाला विचारलं. जावयाने मान डोलावली. जिना उतरताना मालक शीळ घालत होते, ती मी माझ्या कानांनी ऐकली.

मी तडक आमच्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे गेले. आधी चूक थांबवा, मग माफी मागा, हे तेच दरवर्षी आम्हाला शिकवायचे. पण प्रार्थनागृहाचं नवं छप्पर मालकांनी घालून दिलं होतं. रब्बींनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. “साक्षीदार होते ना? मग आता भार तुझ्या आत्यावर,” ते म्हणाले. त्यांचा तो चष्मा फोडावा असं मला वाटलं.

उपासाच्या दिवशी बायका आत्याच्या बाकावरून उठून मागे जाऊन बसल्या. कारखान्यातही तसंच. ज्या पोरींसाठी ती भांडत होती, त्याच तिच्यावर उलटल्या.

“तुझ्या हट्टापायी मालक आमच्यावर डूख धरून आहेत,” त्या म्हणाल्या. “जा, माग त्यांची माफी.”

आत्याने हातातलं काज पुरं केलं, दोरा तोडला. मग म्हणाली, “मागते. त्याने कुलूप निघणार असेल तर पायसुद्धा धरते मेल्याचे.”

रीतीप्रमाणे तिने तिघींना साक्षीला घेतलं, त्यांतली एक मी. मालक कचेरीत सफरचंद सोलत बसले होते. आत्याने खरोखरच वाकून त्यांच्या पायांना हात लावला. माझ्या त्या तिखट आत्याने! मला रडू आवरेना.

“मालक, तुम्हाला तीनदा परत पाठवलं, माझं चुकलं. माफ करा. आणि तेवढं कुलूप काढा. माझी गेली, आता दुसरीची जाऊ नये.”

मालकांनी सफरचंदाची फोड तोंडात टाकली आणि सावकाश चावून खाल्ली.

“नाही,” ते म्हणाले. “अजून दोनदा यावं लागेल तुम्हाला. नियम सगळ्यांना सारखाच.”

“उद्या येते,” आत्या म्हणाली.

मुकादमाने आम्हा चौघींना पुन्हा कारखान्यात सोडलं आणि बाहेरून कुलूप लावलं.