सात पेट्यांचा आवाज

चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, एका शाळेत मी विज्ञान शिकवत होतो, तेव्हा शाळेला कोणीतरी टेपरेकॉर्डर भेट दिला. गावात तसं दुसरं यंत्र कुठे असल्याचं मला माहीत नव्हतं. ते ज्या कपाटात ठेवत त्याची किल्ली माझ्याकडे असे, आणि त्या किल्लीमुळे मी स्वतःला उगाच मोठा समजू लागलो होतो.

बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा एक कारागीर होता. लढाईत वायरलेसवर काम करून परतलेला, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. उन्हाळ्याच्या सुटीत तो माझ्याकडे आला आणि दुपारच्या वेळी ते यंत्र वापरू द्याल का, म्हणून विचारू लागला. त्याने चहाच्या खोक्यांच्या फळ्यांतून सात पेट्या केल्या होत्या. एक पेटी नुसता सूर सोडी. दुसरी तो सूर सावकाश फुगवी आणि उतरवी. तिसरी त्यातला चिरका भाग कापून टाकी. सगळ्या पेट्या वायरींनी एकमेकींना जोडलेल्या. एक वायर काढून दुसरीकडे खोचली की आवाज ओळखू येत नसे. आतले व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज घडवणाऱ्या काचेच्या नळ्या, मात्र दुरुस्तीला आलेल्या रेडिओंतून काढलेले होते. सुटी संपली की ते ज्याचे त्याला परत जायचे.

प्रयोगशाळेच्या खिडक्या लावून, डोक्यावर ओलं फडकं टाकून तो महिनाभर खपला. शेवटी एक रीळ भरलं. त्यात ना ताल होता ना चाल. एक खोल आवाज यायचा, त्याच्यावर दुसरा चढायचा, आणि केव्हा विरला ते कळायचं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोहाची फुलं वेचायच्या दिवसांतल्या रानात उभा असल्यासारखं मला वाटलं. मला ते फार आवडलं होतं. पण त्याला मी एवढंच म्हणालो, की रेकॉर्डिंग साफ आलं आहे.

त्याची बायको गडचिरोलीच्या पलीकडच्या रानातल्या गावची. त्या उन्हाळ्यात ती आजारी आईपाशी माहेरी होती. ती परत आली तोवर पेट्या मुक्या झाल्या होत्या; उरलं होतं ते फक्त शाळेतलं रीळ. तिला ऐकवायला आणू का, असं त्याने मला दोनदा विचारलं. एकदा मी परीक्षांचं कारण सांगितलं, एकदा हेडमास्तरांचं. खरं कारण निराळंच होतं. रेडिओवाला बायकोला घेऊन येतो आणि हा मास्तर त्या दोघांना घूं घूं ऐकवत बसतो, हे शिक्षकांच्या खोलीत गेलं तर माझं हसं होईल, याची मला भीती वाटत होती.

हिवाळ्यात स्नेहसंमेलन झालं. पाहुण्यांचं भाषण टेप करायचं ठरलं. लाऊडस्पीकर लावायला तोच कारागीर आला होता. शाळेकडे रिळं दोनच होती. पहिलं रीळ स्वागताच्या पद्यांत आणि प्रास्ताविकातच संपलं. पाहुणे बोलायला उठत होते. हेडमास्तरांनी हळूच विचारलं, की दुसऱ्या रिळात काय आहे?

"काही नाही," मी म्हणालो. "यंत्राची घरघर आहे नुसती."

तो माझ्यामागेच उभा होता. मी वळलो नाही. त्याचंच रीळ चढवलं; त्यावरचं सगळं आता भाषणाखाली पुसलं जाणार होतं. तो पुढे आला, माइक पाहुण्यांच्या तोंडासमोर नीट केला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आवाज बराबर येऊन राह्यला का, मास्तर?"

मी मान हलवली. भाषण संपेपर्यंत तो त्या फिरणाऱ्या रिळाकडे पाहत उभा होता, आणि मी पाहुण्यांकडे.

चार दिवसांनी माफी मागायला त्याच्या घरी गेलो. तो दुकानात होता. त्याच्या बायकोने चटई टाकली, चहा दिला, आणि मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "भाऊ, ते आवाज मी कवा आयकन?"

त्याने हिला सांगितलेलं नाही, असं मला वाटलं. सुटका झाल्यासारखंही वाटलं.

"उन्हाळ्याच्या सुटीत," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर मी त्या गल्लीतून जाणं सोडलं. माझा रेडिओ बिघडला तेव्हा तो थेट नागपूरला दुरुस्तीला पाठवला. पुढे कळलं की दुकान बंद करून ती दोघं बल्लारपूरला गेली.

दोनेक वर्षांनी बल्लारपूरच्याच फलाटावर ती मला दिसली. बाकावर एकटीच बसली होती. मी जवळ गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: रीळ कसं पुसलं गेलं, मी काय म्हणालो होतो, तिला कसं खोटं सांगितलं.

तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले माहीत होतं. त्यायनं त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं होतं."

"मग मला का विचारलंत?"

"तुमी सांगान म्हनून इचारलं, भाऊ."

तिच्या आवाजात राग नव्हता. तेवढ्यात तो तांब्यात पाणी घेऊन आला. मला पाहून त्याने घरच्यांची विचारपूस केली. पेट्या पुन्हा केल्या का, हे मी कसंबसं विचारलं. एकदा जोडून पाहिल्या, म्हणाला, पण व्हॉल्व्ह दुसरे होते, तसं जमलं नाही. फळ्या चुलीत गेल्या. मग त्याने गाठोडं उचलून खाली ठेवलं आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली. गाडीला बराच वेळ होता. मी काहीतरी काम सांगून पुलाकडे चालू लागलो.