निखिलचं कोपर

हे मी कोणालेच सांगतलं नाही. बायकोलेही नाही. तुले सांगून राहिलो, कारण तू मले ओळखत नाही. ओळखत असता, तर सांगतलं असतं का? माहीत नाही बावा.

मी ॲनिमेशन शिकवतो. धरमपेठेत, मिठाईच्या दुकानाच्या वर आमचा क्लास आहे. शिकवणं माह्यं चांगलं आहे, पोट्टेच सांगतात. पण डोकं — डोकं गरम. घरचे हसण्यावारी नेतात. म्हणतात, याच्या नाकावर राग आहे. नाकावर? नाही गा. राग माह्या हातात आहे.

त्या दिवशी हाडांचं सांगून राहिलो होतो. पडद्यावरच्या माणसाचं मनगट धरून ओढलं, की कोपर अन् खांदा आपसूक मागं येतात. पण कॉम्प्युटरले काय माहीत, माणसाचं कोपर एकाच बाजूनं वाकते म्हणून? त्याले लिमिट घालून द्यावी लागते — इथवर, याच्या पुढं नाही. तासभर घसा फोडून हेच सांगतलं. मंग ऐटीत माउस ओढला, अन् मोठ्या पडद्यावर मीच बनवलेल्या पहिलवानाचा हात उलटा मोडला. लिमिट टाकायचीच विसरलो होतो मी!

निखिल समोरच बसला होता. उमरेडचा पोट्टा. कागदावर चार रेघा ओढून चालणारी म्हातारी काढून दाखवायचा, असा हात. तो हसत बोलला, "सर, तुमचा पहिलवान तर गेला कामातून." सारा क्लास खिदळला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. हे मले तेव्हाही कळत होतं.

"इकडे ये," मी म्हणालो. "खरं कोपर कुठं थांबते, दाखवतो."

तो हसतच आला. मी त्याचा उजवा हात सरळ केला, मनगट धरलं, अन् दुसऱ्या हाताचा तळवा कोपराच्या मागून लावला. दाबलं. पोट्टे हसूनच राहिले होते. आणखी दाबलं. "बस, सर," तो म्हणाला. मंग हळूच, फक्त मलेच ऐकू येईल असं, "सर, दुखून राहिलं." साऱ्यांसमोर माही इज्जत जाऊ नये म्हणून हळू बोलला असंल का? काय माहीत.

ऐकलं ना मी. साफ ऐकलं. कोपर थांबलं, तेही तळव्याले कळलं. लोक म्हणतात, रागात माणसाले भान राहत नाही. खोटं आहे! मले पुरतं भान होतं. अन् आतून — थू माह्या जिनगानीवर — आतून बरं वाटून राहिलं होतं. मंग मी अंगाचा सारा जोर टाकला.

तो आवाज कसा होता, ते मी सांगत नाही. निखिल खाली बसला. हात भलत्याच बाजूले लोंबून राहिला होता. एक पोरगी रडायले लागली.

दवाखान्यात मीच नेलं त्याले, माह्याच गाडीवर. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? निखिलनं माह्याकडे पाहिलं. त्याच्या आधी मीच बोललो — "शिकवता शिकवता यानंच घाबरून झटका मारला." निखिलनं मान खाली घातली. हो म्हणाला. क्लासमधीही मी हेच सांगतलं, अन् साऱ्यांनी मानलं. काहून नाही मानणार?

प्लास्टर निघालं, पण कोपर सरळ झालं नाही. पेन्सिल धरली की बोटं थरथरतात. मंग एक दिवस त्याची माय त्याले घेऊन क्लासात आली. माह्यासमोर हात जोडले तिनं.

"सर, याचंच चुकलं. लहानपणापासून असाच चुळबुळ्या आहे हा. तुम्ही सोता दवाखान्यात नेलं, दुसरं कोण नेते? आता घरी तोंड पाडून बसून राहते. याले परत घ्या. अन् नाही ऐकलं तर मारा याले. तुमचा हक्क आहे."

निखिल तिच्या मागं उभा होता, वाकडा हात पोटाशी धरून. मायकडे नाही, माह्याकडे पाहून राहिला होता. मी काही बोलतो का, याची वाट पाहून राहिला होता.

"बरं, ताई," मी म्हणालो.