पहिली पोळी

वडील कासा गावी माझ्याकडे राहायला आले ते लेकाच्या ओढीने नव्हे. घरी आई दोन महिने त्यांच्याशी बोलत नव्हती, म्हणून ते पळून आले होते.

भांडण पोळीवरून झालं होतं. आई रोज तव्यावरची पहिली पोळी बुद्धाच्या फोटोपुढे ठेवायची. वडील निवृत्त मुख्याध्यापक आणि घरातले एकमेव तत्त्वज्ञ. "त्याला भूक नसते," हे त्यांनी तिला चाळीस वर्षं ऐकवलं. शेवटी एकदा चार पाहुण्यांदेखत त्यांनी ती पोळी उचलून खाल्ली आणि वर अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं. त्या दिवसापासून आईने पोळी ठेवणं बंद केलं आणि बोलणंही. जेवण वेळेवर मिळायचं, निरोप शेजारणीमार्फत.

मी कासाच्या शाळेत मास्तर. गावाबाहेर डोंगरात प्राचीन बौद्ध लेणं आहे, असं मी त्यांना फोनवर फुशारकीने सांगून बसलो होतो. स्वतः पाहिलं नव्हतं. २०१७ च्या दिवाळीच्या सुट्टीत वडील पांढरा सदरा घालून, मेणबत्त्या घेऊन तयार झाले. डबा मी केला. माझ्या पोळ्या कुठल्याही बाजूने गोल नसतात.

जीपने पायथ्याच्या आदिवासी पाड्यापर्यंत गेलो, पुढे चढण. वडील गुडघ्यांना शिव्या आणि मला इतिहास देत चढले. लेणं म्हणजे सरकारी क्वार्टरपेक्षा जरा लहान खोली. आत नाक तुटलेला बुद्ध, नखशिखांत शेंदूर फासलेला. मांडीवर ठेवलेल्या त्याच्या ओंजळीत नव्या भाताचे दाणे. वडिलांचा चेहरा शेंदराहून लाल झाला.

तिथे पाड्यावरची एक म्हातारी बसली होती. कापणी झाली की पहिली मूठ या देवाच्या हातात, मगच घरात नवा भात शिजतो, असं तिने सांगितलं. "बघ ना, हात पसरून बसलाय बिचारा. तूपण काय तरी ठेव. त्याला रिकाम्या हाताचा ठेवून जायचं नाय."

वडिलांना उभ्या आयुष्यात कोणी अरे-तुरे केलं नसावं. तिकडे सगळ्यांना तूच म्हणतात, देवालाही. वडिलांनी तिचा वर्ग घेतला. ही ध्यानमुद्रा, हा हात पसरलेला नाही, हा कोणाकडे काही मागत नाही, असं बरंच काही. मी खाली बघत राहिलो. मला बापाची लाज वाटत होती.

म्हातारीने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मागत नाय म्हणूनच त्याला आधी द्यायचं. मागणारा तं वरडून घेतोच."

वडिलांनी माझ्या पिशवीतून डबा काढला आणि वरची पोळी त्या भातावर ठेवली. मेणबत्ती लावायची राहूनच गेली. "फोटो काढ," ते म्हणाले. "तुझ्या आईला पाठव. खाली काही लिहू नकोस."

वर रेंज नव्हती. उतरून पाड्याजवळ आलो तेव्हा फोटो गेला. आम्ही एका दगडावर बसलो. डबा मांडीवर होता, पण वडील उघडेनात. माझ्या फोनकडे बघत बसले, निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसे. मला त्यांची दया आली आणि हसूही.

पाच मिनिटांनी आईचं उत्तर आलं. वडिलांनी चष्मा लावून ते स्वतः वाचलं.

"त्यांना म्हणावं, नुसती कोरडी पोळी? भाजी कोण वाढणार?"

वडिलांनी डबा उघडला. बटाट्याची भाजी तशीच होती. त्यांनी झाकण लावलं, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि परत डोंगराकडे चालू लागले.

"आता कुठे?"

"भाजी राहिली," ते म्हणाले.