जॅकेटवरचं नाव

मार्चमधल्या एका बुधवारी सराव संपल्यावर माझा नवरा मैदानाच्या कडेला बसला आणि उठला नाही. मला फोन आला तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक चिकटवत होते. फोन संघाच्या मॅनेजरचा होता. त्याने इंग्रजीत मला हॉस्पिटलचं नाव सांगितलं, मग अरबीत शेजारच्या कोणाला तरी काही सांगितलं. ते मला कळलं नाही.

इथे बहरीनमधल्या एका फुटबॉल क्लबचा मुख्य प्रशिक्षक होऊन त्याला आठ महिने झाले होते. त्याआधी बारा वर्षं तो इथल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कोच होता.

तो कोल्हापूरचा. तिथे फुटबॉलवरून पेठापेठांत अबोला धरतात, हे मला लग्नानंतर कळलं. मी पुण्याची, पुस्तकांत वाढलेली. ऑफसाइड म्हणजे काय ते त्याने मला ताटात मटारचे दाणे मांडून समजावलं होतं. अजूनही ते मला नीट सांगता येणार नाही. पण कॉलेजच्या सामन्यांना मी जायचे, ते त्याला बघायला. पूर्ण वेळ तो रेषेच्या बाहेरून मुलांच्या सोबत चालत असायचा, हात मागे बांधून, हळू आवाजात बोलत. हरले की सगळ्यांना चहा पाजायचा. जिंकले तरी तोच चहा.

बहरीनमध्ये आमच्यासारख्यांच्या घरी फ्रिजवर एक यादी असते, सुट्टीत गावी गेल्यावर करायच्या गोष्टींची. दाढेला कॅप, चष्म्याचा नंबर, रक्ततपासणी. इथे दवाखाने नाहीत असं मुळीच नाही. जुफैरला आमच्या इमारतीच्या खालीच एक आहे, बाल्कनीतून त्याची पाटी दिसते. तरी दुखणी आम्ही जुलैपर्यंत साठवून ठेवतो. आपल्या डॉक्टरला आपलं सगळं ठाऊक असतं, असं एकमेकांना सांगतो. तो क्लबमध्ये जाण्याच्या आदल्या वर्षी, सुट्टीत, त्याच्या कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम बघून म्हटलं होतं, "विशेष काही नाही. पुढच्या वर्षी आलात की स्ट्रेस टेस्ट करून टाकू." बहरीनला परतल्यावर मी नवी यादी केली. वर लिहिलं 'जुलै', आणि पहिल्याच ओळीत त्याची स्ट्रेस टेस्ट.

पुढच्या जूनमध्ये क्लबचं बोलावणं आलं. क्लब लहानच, पण व्यावसायिक. त्या शुक्रवारी जेवायला भाई आले होते. भाई रत्नागिरीचे, इथे त्यांचं गणवेश शिवण्याचं आणि छपाईचं दुकान आहे. कॉलेजच्या संघाचे शर्ट तेच छापून द्यायचे, त्यातूनच ओळख झाली.

"सर, माझं आयका," भाई म्हणाले. "कॉलेजात हरलात तर पोरं रडतात नि चहा पितात. तिकडं तीन मॅची हरलात तर थेट तुमचं तिकीट काढतात."

"खिडकीजवळची सीट मागून घेईन."

"मस्करी नको. वैनी, तुमी तरी सांगा. त्या क्लबाचं कामही माझ्याकडंच असतं. दोन वर्षांत कोचच्या जॅकेटवरचं नाव मी चार वेळा बदललंय. जॅकेट तेच हो, नुसतं नाव खरवडून काढायचं नि नवं दाबायचं."

"माप तरी बघता का?" त्याने विचारलं.

"एक्स-एल. सगळ्यांना येतं."

आमची मुलगी ताटावरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, जस्ट से येस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तू म्हणशील तसं."

मला त्याचं बोलणं गमतीचं वाटलं नव्हतं, तरी मी गमतीनेच उत्तर दिलं. "नाही म्हणालास तर जन्मभर टीव्हीसमोर बसून दुसऱ्यांचे खेळाडू बदलत राहशील."

तो मोठ्याने हसला. भाईंनी ताटात भात वाढून घेतला आणि म्हणाले, "खलास. ठरलं म्हणायचं."

क्लबचं सराव शिबिर एक जुलैला सुरू होणार होतं. "मग सुट्टी?" मी विचारलं. "डिसेंबरात जाऊ," तो म्हणाला. मी उठले, फ्रिजवरच्या यादीतला 'जुलै' खोडला आणि वर 'डिसेंबर' लिहिलं.

नव्या व्हिसासाठी मेडिकल झाली. छातीचा एक्स-रे, रक्त. 'फिट' असा कागद घेऊन तो घरी आला. "बघ, सरकारदरबारी फिट आहे मी."

दुसऱ्या दिवशी ते जॅकेट आलं. पाठीवर त्याचं नाव होतं, आणि कापड उजेडाकडे धरलं की त्याच्या आजूबाजूला आधीच्या नावांच्या पुसट कडा दिसायच्या. खिशात पित्ताच्या गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली. "आधीच्या कोचनं आहेर ठेवलाय," तो म्हणाला. ती मी फेकायला हवी होती. त्याने ती परत खिशात टाकली.

क्लबच्या मैदानावर कोचला उभं राहायला रंगाने आखलेली चौकट असते. तिच्याबाहेर पाऊल टाकलं की पंच हटकतो. पहिल्याच सामन्यात त्याला दोनदा हटकलं. मग तो चौकटीत उभा राहायला शिकला, आणि ओरडायलाही. त्याचा ओरडण्याचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

सामन्यानंतर जळजळतं म्हणून तो त्यातली एखादी गोळी घ्यायचा. ऑक्टोबरात ती पट्टी संपली. पुढच्या मी आणल्या, खालच्या दवाखान्याला लागून असलेल्या औषधाच्या दुकानातून. तिथला मल्याळी माणूस हिंदीत म्हणाला, "मॅडम, ये तीसरी स्ट्रिप है. डॉक्टर को दिखाया?"

"खाने का टाइम बिगड़ गया है," मी म्हणाले.

"डॉक्टर यहीं है, बाजू में. अभी खाली बैठा है."

मी काचेतून पाहिलं. डॉक्टर खरंच रिकामे बसले होते, पेपर वाचत. "इंशाल्ला," मी म्हणाले आणि गोळ्या घेऊन वर आले.

डिसेंबरात लीग ऐन रंगात होती. मी यादीवर 'मे' लिहिलं. जानेवारीपासून संघ जिंकू लागला. लोक अदलियाच्या कॅफेत त्याला थांबवून हात मिळवायचे, आणि तो दुसरा हात बरगड्यांच्या मधोमध दाबून उभा असायचा. मी ते पाहत होते. मुलगीही एकदा म्हणाली, "आई, ही इज ऑल्वेज डुइंग दॅट." मी तिला सांगितलं, बाबांना पित्त झालंय.

लोक अजून विचारतात, कॉलेजातच राहिला असता तर? कॉलेजात राहिला असता तर जुलैत कोल्हापूरला गेला असता, एवढं मला ठाऊक आहे. त्याने त्या शुक्रवारी मला विचारलं, तेव्हा मी फक्त फुटबॉलचा विचार केला. आणि पित्ताच्या गोळ्या आणताना तर मला कोणी काही विचारलंही नव्हतं, त्या औषधवाल्याखेरीज.

एप्रिलमध्ये क्लबने ते जॅकेट नाव बदलायला भाईंकडे पाठवलं. भाईंनी त्यांना नवं शिवून दिलं आणि जुनं माझ्याकडे आणलं. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. "वैनी, हे नाव माझ्यानं खरवडवलं नाही," एवढंच म्हणाले.

मुलगी आता बाहेर शिकते. मी त्याच घरात राहते आणि त्याच शाळेत जाते. यादीतली माझी दाढ आणि माझा चष्मा मी खालच्या दवाखान्यातून आणि शेजारच्या चष्म्याच्या दुकानातून करून घेतले. दोन्ही कामं एका आठवड्यात झाली. जॅकेट कपाटात आहे. यादी फ्रिजवर आहे, वर 'मे' लिहिलेलं आहे, आणि तिच्यात एक ओळ उरली आहे.