न ठोकलेली होडी

अलीच्या हातची होडी पारखायची तर बोटाच्या सांध्याने ठोकून बघावी. ठण्ण वाजली की समजा, फायबर आतपर्यंत वाळलंय. पावस गावाजवळच्या खाडीकाठी पंचवीस वर्षं तो होड्या बनवतोय. ठोकल्याशिवाय एकही पाण्यात सोडली नव्हती. एक हरिश्चंद्राची सोडून.

झालं काय, तर पलीकडच्या तालुक्यात नवा कारखाना निघाला. एकच साचा, एकच माप, म्हणून होडी स्वस्त आणि झटपट. अलीचं गिऱ्हाईक मात्र लाडावलेलं. एकाला होडीचं नाक उंच हवं, दुसऱ्याला बूड रुंद, आणि प्रत्येक वेळी साच्यात फेरफार. गिऱ्हाईक तुटेल या धास्तीने अलीने भाव उतरवला, मापं ज्याची त्याची ठेवली, वर नारळी पौर्णिमेचा वायदाही करून बसला. कापायला उरले ते वाळवणीचे दिवस. दमट हवेत सात लागतात, तिथे हरिश्चंद्राची होडी त्याने तिसऱ्या दिवशीच साच्यातून काढली. ठोकायला हात उचलला आणि कच्ची वाजेल या भीतीने खाली घेतला.

आज दुपारी वारा उठला तेव्हा ती होडी मासेमारीला समुद्रात होती. अली धक्क्याकडे धावला. बाकी होड्या परतल्या होत्या. हरिश्चंद्राची बायको राजश्री एकटीच उभी होती.

"तुमी कशाला घाबरताव, भाय?" ती म्हणाली. "तुमच्या हातची होडी हाय ती. मला नाय काळजी."

अलीला तिच्याकडे बघवेना. लाट फुटली की त्याला होडीलाच तडा गेल्यासारखं वाटे. आत हरिश्चंद्र होता, त्याचा भाऊ बाळा होता. दोन तास तो मनातल्या मनात अल्लाची करुणा भाकत राहिला.

शेवटी होडी दिसली. धक्क्याला लागताच हरिश्चंद्र हसत म्हणाला, "अलीभाय, झकास! बाळाला पण अशीच करा. दाम ह्योच, दिवस पण हेच."

अली गुडघाभर पाण्यात उतरला. होडीच्या कुशीवर त्याने सांधा आपटला. आवाज बद आला.

"हिला पाण्याबाहेर काढ," तो म्हणाला. "कच्ची हाय. मी घाई केली. बाळाच्या होडीला दिवस जास्त लागतील, दाम पण."

हरिश्चंद्राचं हसू मावळलं. राजश्री अलीकडे बघत राहिली.

"तुमाला ठावं होता?" तिने विचारलं. "मगाशी, माझ्या बाजूला उभे होताव तेव्हा?"

"होय," अली म्हणाला आणि होडी बाहेर ओढायला त्याने दोर हातात घेतला.