अडकल्यावर न लाजणाऱ्या आमच्या फिजिक्सच्या मॅडम

हदगावात मी हुशार होते. लातूरला अकरावीला आले आणि दिवाळीपर्यंत ढ झाले.

ज्यांनी मला त्यातून बाहेर काढलं त्या आमच्या फिजिक्सच्या वनिता मॅडम आज सकाळी गेल्या.

लहानपणापासून सगळे "लई हुशार पोरगी" म्हणायचे. त्यामुळं लातूरच्या वर्गात काही कळलं नाही तरी विचारायची लाज वाटायची.
विचारलं की हुशारी संपली, असं वाटायचं.

पहिल्याच टेस्टमध्ये फिजिक्समध्ये नापास.

माझे वडील, अण्णा, हदगावहून मला घरी न्यायलाच आले. सोयाबीनची काढणी सोडून.
स्टाफरूममध्ये उभ्यानंच म्हणाले, "मॅडम, पोरीची चूक न्हाई. आमच्या खानदानातच एवढं डोकं न्हाई."

मी खाली मान घालून ऐकत होते. मलाही ते पटलं होतं.

मॅडमनी माझा पेपर काढला. "अण्णा, हे बघा. गणित इथपर्यंत बरोबर हाय. इथं चुकलं. डोकं नसतं तर इथपर्यंत तरी आली असती का?"

"मग सुधरंल?"

"सुधरंल की. पण हिनं तोंड उघडाय पाहिजे. वर्गात बोलतच न्हाई ही."

अण्णा एकटेच परत गेले.

दुसऱ्याच दिवशी वर्गात कुणीतरी एक गणित विचारलं. मॅडम फळ्यावर सोडवायला लागल्या आणि अडकल्या. पुसलं, परत लिहिलं, परत चुकलं.
मागच्या बाकावर पोरं हसायला लागली.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "न्हाई जमून राहिलं मला. घरी बसून बघते."

मी बघतच राहिले. एवढी शिकलेली बाई सगळ्यांसमोर असं म्हणू शकते?

सकाळी आल्या त्या हसतच. "सापडलं! भाकरी करताना डोक्यात आलं, सुरुवातच चुकली होती माझी."

त्या तासाला मी पहिल्यांदा हात वर केला.
"मॅडम, दोरीला बांधलेला दगड वेगानं खाली येतानाही दोरीवरचा ताण त्याच्या वजनाइतकाच असतो ना?"

वर्ग हसला.

मॅडम वळल्या. "हसलात त्यातलं कुणी उत्तर देतंय का?"

मग त्यांनी फळ्यावर दोरी आणि दगड काढून दाखवलं, वेग वाढत खाली येताना ताण वजनापेक्षा कमी असतो.

त्यानंतर मी विचारतच राहिले. चुकायचे, परत करायचे. मार्क हळूहळू वाढले. मेडिकलला नंबर लागला नाही, पण इंजिनिअरिंग झालं. आज नांदेडला वीज खात्यात आहे.
साइटवर नवीन काही आलं आणि कळलं नाही, तर ज्युनिअरलासुद्धा बिनधास्त विचारते.

मागच्या वर्षी भेटायला गेले होते. पॅरालिसिसनं मॅडमचा उजवा हात गेला होता. जुन्या पेपरच्या कोऱ्या कडेला डाव्या हातानं अक्षरं गिरवत बसल्या होत्या.

"लई वाकडं येऊन राहिलंय," मॅडम म्हणाल्या. "पण गेल्या आठवड्यात तर पेनच धरता येत नव्हता."

मग शेजारची खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बस. तुझ्या कामाचं सांग."

मॅडम, लई शिकवलंत.
मनापासून थँक्यू, आणि शेवटचा नमस्कार.