अब्राहाम झोपला होता

आमच्या आतोबांइतका शब्द पाळून पाळून दमलेला माणूस नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्यांच्यापायी दमलेली माणसं मोजायला बसलं तर निम्मा नेवासा तालुका भरेल. आत्या तर लग्नापासूनच दमलेली आहे. इतर माणसं सहज बोलून जातात, "उद्या चक्कर टाकतो", "बघू जमलं तर". आतोबांच्या तोंडून असं वाक्य कुणी ऐकलेलं नाही. कुणी म्हटलं, "मास्तर, मंगळवारी या," की ते डोळे मिटून उभे राहत. समोरच्याला वाटे, म्हाताऱ्याला घेरी आली. मग डोळे उघडून ते "येईन" म्हणत किंवा "नाही येणार" म्हणत, आणि येईन म्हटलं की विषय संपला. सोनईच्या एका शिंप्याला त्यांनी मंगळवारी सदरा न्यायला येतो असं सांगितलं होतं. सोमवारी अंगात ताप भरला. मंगळवारी ते शेजाऱ्याच्या बैलगाडीत कडब्यावर आडवे पडून, कपाळावर ओलं फडकं ठेवून सोनईला गेले. शिंप्यानं अजून कापडाला कात्रीसुद्धा लावली नव्हती. आतोबा त्याच कडब्यावर परत आले. आत्यानं विचारलं, "मग काय मिळालं जाऊन?" ते म्हणाले, "त्याचा शब्द मोडला. माझा नाही मोडला." आत्या म्हणाली, "ताप मातर वाढला."

हे सगळं पवित्र शास्त्रातून आलेलं. चाळीस वर्षं त्यांनी मिशनच्या शाळेत मास्तरकी केली आणि चाळीस वर्षं एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे करार. दुसऱ्यांना शास्त्रात गोष्टी दिसत, चमत्कार दिसत. आतोबांना फक्त करार दिसत. नोहाशी केलेला, अब्राहामाशी केलेला, सीनायच्या डोंगरावरचा, आणि शेवटी प्रभूच्या रक्तातला नवा करार. "देवानं माणसाशी करार करून केवढी अडचण ओढवून घेतली," असं ते काळजीनं म्हणत, जणू देव त्यांचा धाकटा भाऊ होता आणि घरच्यांना न विचारता कुठंतरी अडकून बसला होता. शास्त्रात मिठाच्या कराराचा उल्लेख आहे, म्हणून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खडे मिठाची पुडी असे. कुणी काही कबूल केलं की ते एक खडा त्याच्या हातावर ठेवत आणि एक आपल्या तोंडात टाकत. एस.टी.च्या कंडक्टरनं एकदा त्यांना "पुढच्या थांब्यावर जागा देतो" असं सांगून स्वतःवर हा प्रसंग आणला होता. तो बिचारा नेवाशापर्यंत मीठ चघळत होता.

नोहाशी झालेला करार देवानं जनावरांशीही केला होता, हे बहुतेक लोक विसरतात. आतोबा विसरले नाहीत. एका नाताळाला त्यांनी घरच्या कोंबड्याला शब्द दिला की तुला कापणार नाही. का दिला, ते त्यांनाच ठाऊक. दोन दिवसांनी पाळकसाहेब जेवायला आले आणि त्यांच्या पानात वांग्याचं भरीत पडलं. कोंबडा तेव्हा उंबऱ्यावर उभा राहून सगळं बघत होता. पुढं तो सात वर्षं जगला आणि इतका माजला की आत्याच्या ताटातलं खाऊ लागला. वस्तीत त्याला कराराचा कोंबडा म्हणत. आत्या म्हणायची, "देवानं ह्यांच्यासंगं करार केला तवा मला कुनी इचारलं न्हाई."

मी मात्र पत्रकांवर वाढले. माझे वडील नगरला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. चुकलेल्या छपाईचे कागद घरी यायचे, आणि मी वाचायला शिकले ती त्यांवरच. एका बाजूला पश्चात्तापाचं आवाहन आणि मागच्या बाजूला विडी कामगारांच्या मागण्या. दोन्ही मला पाठ होत्या, पण पटली ती दुसरी बाजू. पुढं सावेडीत खोली घेऊन मी शाळेत शिकवू लागले, संध्याकाळी स्वतःच पत्रकं लिहू लागले, आणि आतोबांशी माझं भांडण ठरूनच गेलं. करार दोन बाजूंनी असतो, एकानं मोडला की दुसरा मोकळा, असं मी म्हणे. ते फक्त मान हलवत. ती हो म्हणून हलते की नाही म्हणून, हे आत्यालाही कधी कळलं नव्हतं.

आता विहिरीचं सांगते. आमची ख्रिस्ती वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. गावच्या विहिरीवर आमच्या बायांना चढू देत नसत. तिथं कुणीतरी ओंजळीत ओतेल म्हणून तासन्‌तास बसून राहावं लागे. शेवटी आतोबांच्या वडिलांनी सहा माणसं घेऊन वस्तीची विहीर खणली. पाणी लागलं त्या दिवशी त्यांनी काठावर उभं राहून सगळ्यांसमोर देवाला शब्द दिला, की ह्या विहिरीवरून कुणालाही परत पाठवणार नाही. ज्यांनी आपल्याला परत पाठवलं त्यांनाही नाही. हा शब्द वारशानं आतोबांकडे आला. अर्थात गावातलं कुणी आमच्या विहिरीचं पाणी पिणार नव्हतं, त्यामुळं तो पाळायला फारसा त्रास नव्हता. तरी आतोबा दरवर्षी नाताळाच्या दुसऱ्या दिवशी स्वच्छ धोतर नेसून चावडीवर जात आणि सांगत, "वस्तीची विहीर सगळ्यांना उघडी आहे." चावडीवरचे हसत. "काय मास्तर, आलं का देवाचं आवतन?" कोनाड्यात वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप काढून त्यांना चहा देत. ते पिऊन, कप स्वतः विसळून परत येत. मी एकदा बरोबर गेले होते. पुन्हा गेले नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. त्या वर्षी पाळकसाहेबांनी पावसासाठी उपासना ठेवली. आतोबा प्रार्थनेला बसले, पण बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पृथ्वी पुन्हा पाण्यानं बुडवणार नाही, असा शब्द आहे. तो त्यानं पाळलाय." मी म्हणाले, "आतोबा, आभाळात बोटभर ढग नाही आणि तुम्ही महापूर येत नाही म्हणून खूश." त्यांना हे जरा लागलं. ते म्हणाले, "पाळलेलं पाळलं म्हणावं, पोरी. बाकीचं भांडू."

शिमग्याच्या सुमाराला गावची विहीर आटली. आमची नव्हती आटली, पण तळ दिसू लागला होता. वस्तीनं जपून वापरलं तर मृगापर्यंत पुरेल इतपतच पाणी होतं. मी सुटीला आले होते. एका सकाळी वरच्या आळीतल्या चार बाया घागरी घेऊन आल्या आणि काठापासून वीस पावलांवर थांबल्या. माझ्याकडं कागद तयारच होता. गावच्या विहिरीवर वस्तीच्या बायांना कायमचं पाणी भरू द्यावं, असं गावानं लिहून द्यायचं, मग आमच्या विहिरीवर यायचं. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "लेकी, लिहून द्यायला आमाला कोन इचारतं? आमाला निस्तं घागर भराया धाडलंय."

"मग ज्यांनी धाडलं त्यांना पाठवा."

"त्ये यायचे न्हाईत," ती म्हणाली. "त्यांना लाज वाटती."

"आणि इतकी वर्षं नाही वाटली?"

तिनं घागर खाली ठेवली. तेवढ्यात आतोबा आले. त्यांनी कागद वाचला, घडी घालून मला परत दिला आणि पोहरा विहिरीत सोडला. मी दोर धरला. वस्तीतली माणसं जमली होती, आणि खोटं कशाला सांगू, बहुतेक माझ्या बाजूची होती.

"आतोबा, ह्यांनी आपल्याला काय दिलं?"

"काही नाही."

"मग कसला करार? दुसरी बाजू कुठंय?"

"अब्राहाम झोपला होता," ते म्हणाले.

मला वाटलं, उन्हानं ह्यांचं डोकं फिरलं. पण ते तिथंच, पोहरा अधांतरी लटकत असताना, वर्गात सांगावं तसं सांगू लागले. त्या काळी करार करायचा तर जनावरं कापून दोन रांगा मांडत आणि दोघंही मधून चालत जात. जो मोडेल त्याचं असं होवो, हा त्याचा अर्थ. देवानं अब्राहामाशी करार केला तेव्हा अब्राहामाला गाढ झोप लागली. त्या तुकड्यांमधून विस्तव होऊन देव एकटाच चालत गेला. "दोघांनी चालायचं असतं. हा एकटाच चालला. दुसरा घोरत होता."

"मग तो करार नाही, मूर्खपणा आहे."

"व्हय," ते म्हणाले. चिडले किंवा हरले की ते मास्तरी सोडून गावचं बोलत. "पन त्याच्यावरच आपन जगतो."

आत्या मागं उभी होती. ती म्हणाली, "पानी संपलं की टँकर कुठं येतो ठावं हाय? पाझर तलावाच्या कामावर. दोन कोस. माजं गुडगं?"

आतोबा डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "तुझं मी आणीन." आत्यानं तोंडावर पदर घेतला, कारण ह्या माणसानं आता काय केलं ते तिला कळलं होतं. मी दोर सोडला. त्यांनी चारही घागरी भरून दिल्या. मी आतोबांना सांगितलं की आजपासून तुमच्या घरचं पाणी पिणार नाही, आणि पिशवी घेऊन फाट्यावर गेले. ते मागून चालत आले. मी एस.टी.त चढत असताना म्हणाले, "महिन्याच्या पहिल्या रविवारी सावेडीला येईन."

"येऊ नका."

"तू नको म्हण. मी येईन."

वैशाखात विहीर कोरडी पडली. अडुसष्ट वर्षांचे आतोबा रोज कावड खांद्यावर घेऊन पाझर तलावावर जाऊ लागले. तिथल्या खडी फोडणाऱ्या बाया हसत, "मास्तर, घरच्या बाईला तरी धाडा." "तिनं शब्द दिलेला नाही," असं ते सांगत. पुढच्या वर्षी पाऊस झाला. गावची विहीर भरली आणि बाया आमच्याकडं यायच्या थांबल्या. गावच्या विहिरीवर आमच्या बाया आजही चढत नाहीत. म्हणजे माझंच बरोबर होतं. हे मी कितीदा तरी मनाशी म्हटलं आहे, आणि म्हणून म्हणून कंटाळले आहे.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम सभेला जायची. परतल्यावर घरमालकीणबाई सांगायच्या, "तुमचे मास्तर आले होते. दोन तास पायरीवर बसले. गेले." सात महिने असं चाललं. आठव्या महिन्यात मला ताप होता, म्हणून मी घरी सापडले. त्यांच्या उजव्या खांद्याला कावडीनं घट्टा पडला होता आणि ते त्या बाजूला कलून चालत होते. टेबलावर माझं नवं पत्रक होतं, गावच्या विहिरीवर वस्तीचा हक्क मागणारं. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि खाली सही केली. मी बघतच राहिले. ते म्हणाले, "मागणी म्हणून आण, कलेक्टरपर्यंत तुझ्यासोबत चालतो. तहानलेल्या बाईसमोर अट म्हणून आणलंस, म्हणून अडवलं." मला उत्तर सुचलं होतं. पण त्यांना परतीची गाडी होती.

अर्ज दिला आहे. कचेरीतून अजून काही कळलेलं नाही. दोनदा हेलपाटा झाला, दोन्ही वेळा ते बरोबर होते, आणि दोन्ही वेळा साहेब दौऱ्यावर होते.

गेल्या रविवारी, महिन्याच्या पहिल्याच, नगरात मोठी सभा होती. भाषण करणाऱ्यांत माझं नाव होतं. मी गेले नाही. सकाळपासून पायरीवर बसून राहिले. दुपार झाली, ऊन कलंडलं. घोडेगावजवळ गाडी बिघडली होती, असं नंतर कळलं. पाच वाजता ते गल्लीच्या तोंडाशी दिसले, एका बाजूला कलून, सावकाश येत होते.

"सभेला नाही गेलीस?"

"नाही."

ते पायरीवर टेकले. घसा कोरडा पडला होता, त्यांना नीट बोलवेना. त्यांनी हातानंच पाणी मागितलं. मी तांब्या भरून आणला. ते थांबत थांबत, एकेक घोट घेत प्याले, आणि तांब्या संपेपर्यंत मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले.